बॉक्सवर १४,०००, गेममध्ये किती? वेगवान एसएसडीचा रोखठोक हिशेब

आधी निकाल सांगून टाकू, कारणं मागाहून. तुमचे गेम अजून फिरत्या हार्ड डिस्कवर असतील तर एसएसडी घ्याच, आणि कुठली यावर फार डोकं फोडू नका. ओळखीच्या कंपनीची सगळ्यात स्वस्त एसएसडीसुद्धा फरक दाखवेल. सॅटा एसएसडी (सहसा वायरने जोडायची, जुन्या धाटणीची) असेल तर एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी, जास्त वेगवान) घेऊन लोडिंगचे दोन-चार सेकंद वाचतील. जेन-३ (तिसऱ्या पिढीची) एनव्हीएमई आधीच असेल आणि तिच्यात जागा शिल्लक असेल, तर नुसत्या वेगासाठी जेन-४ किंवा जेन-५ घेऊ नका. जागा संपली असेल तर गोष्ट वेगळी, त्याबद्दल खाली.

बॉक्सवरच्या आकड्यापासून सुरुवात करू, कारण दुकानात सगळी बोलणी त्याच्यावरच होतात. सॅटाची कमाल मर्यादा सेकंदाला ६ गिगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात ५५० एमबीच्या आसपास. म्हणून बहुतेक सॅटा एसएसडींच्या बॉक्सवर ५०० ते ५६० च दिसेल. एनव्हीएमई ड्राइव्ह पीसीआय एक्सप्रेस या मदरबोर्डवरच्या वेगवान मार्गाच्या चार लेनवर चालते. जेन-३ वर साधारण ३,५००, जेन-४ वर ७,००० ते ७,४५०, जेन-५ वर १४,००० च्या पुढे. प्रत्येक पिढीत दुप्पट, त्यामुळे ऐकायला झकास वाटतं. पण हा वेग सलग वाचनाचा असतो. एकच मोठी फाइल, पुढच्या मागण्या आधीच रांगेत लावलेल्या, आणि ड्राइव्हला बाकी काही काम नाही. ५० जीबीचा व्हिडिओ एका एनव्हीएमईवरून दुसऱ्या एनव्हीएमईवर टाकताना तो वेग दिसतो. गेम असं वाचतच नाही.

गेम लोड होताना हजारो लहान-मध्यम तुकडे मागवले जातात: टेक्स्चर, आवाज, मॉडेल, नकाशाचे भाग. बऱ्याचदा एक तुकडा आला, तो उलगडला, मग पुढचा मागितला, अशी चाल असते. या कामाच्या जवळ जाणारी चाचणी म्हणजे क्रिस्टलडिस्कमार्क या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात खालची ओळ, ४ केबीचे विखुरलेले तुकडे एकेक करून वाचण्याची. हार्ड डिस्कला तिथे सेकंदाला एक एमबी काढतानाही धाप लागते, कारण प्रत्येक तुकड्यासाठी तिचा हात तबकडीवर सरकवायला दहाएक मिलिसेकंद जातात. सॅटा एसएसडी ३५-४० एमबी देते, जेन-३ एनव्हीएमई ५०-६०, चांगली जेन-४ ऐंशीच्या आसपास आणि जेन-५ नव्वद ते शंभरच्या घरात. हार्ड डिस्कवरून सॅटावर येताना झेप तीस-चाळीस पटींची आहे. सॅटावरून थेट जेन-५ वर गेलात तर अडीच पट. बॉक्सवरचा फरक मात्र पंचवीस पटींचा दिसतो, आणि पैसे त्या पंचवीस पटींचे मागितले जातात.

ही अडीच पटही पूर्ण पदरात पडत नाही. ड्राइव्हवरचा डेटा दाबून भरलेला असतो. तो उलगडायचं, शेडर (ग्राफिक्स कार्डाने प्रकाश-रंग कसे काढायचे याचे छोटे प्रोग्राम) तयार करायचं, जग उभं करायचं काम प्रोसेसरचं. घोडबंदर रोडवरच्या गायमुख घाटात पुढे कंटेनर अडकला असेल तर मागच्या गाडीचं इंजिन किती मोठं आहे याने पोहोचायची वेळ बदलत नाही, तसाच हा प्रकार. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जीटीए ऑनलाइनचं. कित्येक वर्षं लोक त्याच्या लोडिंगला वैतागून नवनव्या एसएसडी लावत होते. २०२१ मध्ये एका हौशी प्रोग्रामरने शोधून काढलं, की गेम सुमारे १० एमबीची एक यादी अत्यंत वेडगळ पद्धतीने वाचत बसतो आणि त्यात प्रोसेसरचा एक कोअर अडकून पडतो. तेवढं दुरुस्त केल्यावर त्याच्या मशीनवर लोडिंगचा वेळ सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाला. गेमची कंपनी रॉकस्टारने त्याला १०,००० डॉलर दिले आणि दुरुस्ती अधिकृत अपडेटमध्ये घेतली. ड्राइव्ह तीच, वायर तीच.

ऑनलाइन मॅचचं आणखी वेगळं. व्हॅलोरंट किंवा सीएस२ मध्ये तुमचा नकाशा आधी लोड झाला तरी बाकीच्यांसाठी थांबावंच लागतं. नऊ जणांपैकी एकजण हार्ड डिस्कवर असेल तर तुमची जेन-५ त्याची वाट पाहत बसणार.

आता एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम. एसएसडीने फ्रेम वाढत नाहीत. दुकानात कोणी ‘एनव्हीएमई टाका, एफपीएस वाढेल’ म्हणालं तर मान डोलवून बाहेर पडा. वाढतो तो सरळपणा, आणि तोही हार्ड डिस्कवरून आल्यावर. मोकळ्या जगाच्या गेममध्ये गाडी वेगाने चालवताना समोरची इमारत मातीच्या गोळ्यासारखी दिसून मग हळूहळू स्पष्ट होणं, किंवा वळणावर अर्धा सेकंद चित्र गोठणं, हे हार्ड डिस्कचं लक्षण. सायबरपंक २०७७ ने २०२३ च्या २.० अपडेटपासून एसएसडी किमान गरजेत टाकली. स्टारफील्ड आणि बाल्डर्स गेट ३ यांनाही ती लागते. एसएसडीवर असूनही गेम अडखळत असेल तर दोष बहुधा दुसरीकडे आहे. नव्या गेममध्ये पहिल्यांदाच एखादा स्फोट दिसताना झटका बसतो तो शेडर तयार होण्याचा. ८ जीबी रॅमवर आजचे गेम चालवले की विंडोज ड्राइव्हलाच रॅम म्हणून वापरू लागतं आणि मग काहीही लावा, धक्के बसणारच. तिथे आणखी ८ जीबीची कांडी एसएसडीपेक्षा जास्त कामाची. ग्राफिक्स कार्डची मेमरी भरून टेक्स्चर गंडत असतील तर सेटिंगमध्ये टेक्स्चर एक पायरी खाली आणा. फुकटचा उपाय आहे.

‘पण डायरेक्टस्टोरेज येतंय ना?’ हा प्रश्न हमखास येतो. ड्राइव्हवरून गेमचा डेटा झटपट आणण्याचं हे विंडोजचं तंत्र. मायक्रोसॉफ्टने ते मार्च २०२२ मध्ये पीसीवर आणलं. त्यात गेमला एकाच वेळी हजारो मागण्या कमी खर्चात ड्राइव्हकडे पाठवता येतात, आणि पुढच्या १.१ आवृत्तीपासून डेटा उलगडण्याचं काम ग्राफिक्स कार्डावर टाकता येतं. कल्पना उत्तम आहे. वर सांगितलेला कंटेनर ती बाजूला करू पाहते. पीसीवर ते वापरणारा पहिला मोठा गेम फोरस्पोकन, जानेवारी २०२३ मध्ये आला. त्यानंतर रॅचेट अँड क्लँकसारखे थोडे आले, पण यादी अजूनही आखूडच आहे. कारण सरळ आहे: स्टुडिओंना सॅटावालेही गिऱ्हाईक म्हणून हवे असतात. शिवाय ग्राफिक्स कार्ड आधीच शंभर टक्के राबत असेल तर उलगडण्याचं काम त्याच्या माथी मारल्यावर फ्रेम कमीही होऊ शकतात. डायरेक्टस्टोरेजसाठी जेन-३ एनव्हीएमईही चालते. उद्याच्या गेमसाठी आज जेन-५ घेऊन ठेवायचं कारण दिसत नाही. उद्या तीच ड्राइव्ह जास्त थंड आणि चांगली मिळेल.

मग घ्यायचं काय? आमच्या मते गेमिंगसाठी सगळ्यात हिशेबी खरेदी म्हणजे जेन-४, टीएलसी (एका पेशीत तीन बिट ठेवणारी मेमरी), डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची छोटी रॅम) नसलेली १ किंवा २ टीबीची ड्राइव्ह. डब्ल्यूडी ब्लॅक एसएन७७० हा त्याचा चांगला नमुना: बॉक्सवर ५,१५० एमबी, १ टीबीला ६०० टीबीडब्ल्यू (वॉरंटीत एकूण किती टीबी लिहिता येतील तो आकडा), पाच वर्षं वॉरंटी. तिची पुढची एसएन७१०० ही ७,२५० पर्यंत जाते आणि वीज कमी खाते, म्हणून लॅपटॉपसाठी जास्त बरी. डीरॅम नसणं हा गेमिंगमध्ये दोष नाही. अशा ड्राइव्ह कुठला डेटा कुठे आहे याचा नकाशा ठेवायला संगणकाच्या रॅममधला छोटासा भाग वापरतात आणि गेम वाचताना फरक हाताला लागत नाही. सॅमसंग ९९० प्रो किंवा डब्ल्यूडी एसएन८५०एक्स डीरॅमसह येतात, व्हिडिओ एडिटिंगही करत असाल तर त्यांचे जास्तीचे पैसे वसूल होतात. ९९० प्रो घेतलीत तर सॅमसंगच्या मॅजिशियन सॉफ्टवेअरमधून फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला प्रोग्राम) लगेच अद्ययावत करा. सुरुवातीच्या फर्मवेअरमध्ये हेल्थचा आकडा झपाट्याने घसरायचा आणि २०२३ च्या सुरुवातीला कंपनीने त्याची दुरुस्ती दिली.

क्यूएलसी (एका पेशीत चार बिट ठेवणाऱ्या, म्हणून स्वस्त) ड्राइव्हबद्दल काही भीती उगाच आहे, आणि काही रास्तही आहे. क्रूशियल पी३ प्लसचं उदाहरण पाहा. १ टीबीला टीबीडब्ल्यू २२०, म्हणजे एसएन७७० च्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त. आकडा बघून लोक दचकतात. पण दर आठवड्याला १०० जीबीचा नवा गेम उतरवलात तरी वर्षाला सव्वापाच टीबी होतात. २२० टीबी संपायला चाळीस वर्षं. ड्राइव्ह झिजायच्या आत तुमची मुलं तिला हसतील. खरी अडचण लिहिण्याची. काही भाग झटपट लिहिण्यासाठी राखलेला असतो, तो भरला की क्यूएलसीचा लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कच्या पातळीवर उतरतो, कधी त्याच्याही खाली. ड्राइव्ह ऐंशी-नव्वद टक्के भरली की हा राखीव भाग आणखी लहान होतो. इंटरनेटवरून गेम उतरवताना हे जाणवत नाही, कारण ३०० एमबीपीएसची लाइनही सेकंदाला जेमतेम ३७ एमबी आणते. जाणवतं ते ४०० जीबीची अख्खी लायब्ररी जुन्या एसएसडीवरून हलवताना. थोडक्यात, क्यूएलसी गेमसाठी दुसरी ड्राइव्ह म्हणून ठीक, विंडोज आणि बाकी सगळ्यासाठी एकमेव ड्राइव्ह म्हणून नको. काही स्वस्त मॉडेलमध्ये, उदाहरणार्थ किंग्स्टन एनव्ही२, कंपनी आत कुठला कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) आणि कुठली मेमरी हे ठरवून सांगत नाही. एका खोक्यात टीएलसी, दुसऱ्यात क्यूएलसी. गेमला चालेल, पण टीएलसीच्या किमतीला घेऊ नका.

क्रूशियलबद्दल आणखी एक. तिची मालक कंपनी मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की ग्राहकांसाठीचा क्रूशियलचा धंदा बंद करणार, माल फेब्रुवारी २०२६ पर्यंतच पाठवणार. वॉरंटी चालू राहील असं कंपनी म्हणते. दुकानांत उरलेला माल स्वस्त मिळाला तर हरकत नाही. नुसतं ‘नंतर मिळणार नाही’ म्हणून चढ्या भावाने मात्र घेऊ नका. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून नेल्यामुळे सगळ्याच एसएसडीचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढलेत, म्हणून इथे रुपये लिहिण्यात अर्थ नाही. प्रति जीबी भाव काढा आणि तोच ताडून पाहा. एकाच पैशात ५०० जीबीची जेन-५ आणि १ टीबीची जेन-४ असा पेच आला, तर डोळे झाकून १ टीबी. ५०० जीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ४६५ दिसते. विंडोज, अपडेट आणि १५ टक्के मोकळी जागा वजा केली की साडेतीनशेच्या आसपास उरते. बाल्डर्स गेट ३ एकटा १५० मागतो. दोन गेम, संपलं. आठवड्यातून एकदा गेम काढून पुन्हा उतरवण्यात जातो तो वेळ कुठलीही जेन-५ परत देत नाही.

जेन-५ बद्दल: सॅमसंग ९१०० प्रो १४,८०० एमबीपर्यंत जाते, क्रूशियल टी७०५ १४,५००. सुरुवातीच्या जेन-५ ड्राइव्ह बहुतेक फायसनच्या ई२६ कंट्रोलरवर आहेत, तो १२ नॅनोमीटरचा. हीटसिंकशिवाय लावल्या तर तापून वेग पाडतात. नवे ६ नॅनोमीटरचे कंट्रोलर बरेच शांत आहेत. एप्रिल-मे मध्ये ठाण्यात एसीशिवायची खोली ३३-३४ अंशांवर असते, त्यात पहिला एम.२ स्लॉट (मदरबोर्डवरची एनव्हीएमई बसवायची जागा) बहुतेक बोर्डवर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डच्या मधोमध, म्हणजे भट्टीच्या तोंडाशी. जेन-४ ला बोर्डबरोबर आलेली ॲल्युमिनियमची पट्टी पुरते. जेन-५ ला जाड हीटसिंक हवा आणि केबिनेटमध्ये समोरून वाहणारी हवाही.

पैसे देण्याआधी मदरबोर्ड बघा, सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. एएमडीच्या बी४५० बोर्डचा एम.२ जेन-३ आहे. जेन-४ ड्राइव्ह चालेल, पण ३,५०० वर अडेल. बी५५० चा पहिला स्लॉट जेन-४ आहे, पण रायझन ५ ५६००जी किंवा ५५०० लावलेला असेल तर तोही जेन-३ वरच चालतो, कारण मर्यादा प्रोसेसरची. इंटेलच्या दहाव्या पिढीला जेन-४ मिळत नाही. बी५६० बोर्डवर दहाव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर अनेक बोर्डांचा पहिला एम.२ स्लॉट मुळात चालूच होत नाही, आणि लोक ड्राइव्ह खराब म्हणून दुकानात परत घेऊन येतात. एच६१० च्या कित्येक बोर्डांचा स्लॉट जेन-३ च असतो. बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या इंटेल बोर्डवर जेन-५ एम.२ असेल तर तो ग्राफिक्स कार्डच्या लेन खातो. तिथे ड्राइव्ह बसवली की कार्ड सोळावरून आठ लेनवर येतं. एएमडीच्या नव्या एएम५ बोर्डांवर सहसा हा घोळ नाही, पण तिथेही प्रत्येक बी६५० ला जेन-५ स्लॉट नसतो. आणि दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये ड्राइव्ह लावली की बऱ्याच बोर्डांचे एक-दोन सॅटा पोर्ट बंद पडतात. जुनी हार्ड डिस्क ‘अचानक मेली’ तर आधी तिची वायर दुसऱ्या पोर्टात लावून बघा. हे सगळं बोर्डच्या मॅन्युअलमध्ये स्टोरेजच्या पानावर लिहिलेलं असतं. बोर्डला एम.२ नसेलच तर सॅटा घ्या आणि खंत करू नका.

बसवणं दहा मिनिटांचं काम आहे. मशीन बंद, एसएमपीएसचं बटण बंद, प्लग काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. केबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. ग्राफिक्स कार्ड आड येत असेल तर स्लॉटच्या टोकाची खिटी दाबल्याशिवाय ओढू नका. ड्राइव्ह तिरकी, साधारण तीस अंशांत सरकवा, खाली दाबा, स्क्रू लावा. हा स्क्रू एम२ मापाचा बारीक असतो आणि जुन्या बोर्डचा हमखास हरवलेला असतो. ड्राइव्ह घेतानाच दुकानदाराकडून मागून घ्या. खालचा पितळी खुंटा २२८० (२२ मिमी रुंद, ८० मिमी लांब ड्राइव्ह) च्या भोकात आहे ना तेही पाहा. हीटसिंकच्या थर्मल पॅडवरचं प्लास्टिक काढा. हे न काढता महिनोन्‌महिने चाललेल्या मशीन नेहमी सापडतात. ड्राइव्हवरचं लेबल मात्र सोलू नका, वॉरंटी जाते.

विंडोज नव्याने टाकणं सगळ्यात स्वच्छ. क्लोन करायचंच असेल तर आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) थांबवा आणि जुनी डिस्क एमबीआर (डिस्कचे भाग नोंदवायची जुनी पद्धत, नवी ती जीपीटी) आहे का ते बघा. एमबीआर तशीच क्लोन केली तर सिक्युअर बूट (सुरू होतानाची विंडोजची सुरक्षा तपासणी) चालू होत नाही आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट व्हॅन९००३ हा एरर दाखवून दार लावतो. नुसती दुसरी ड्राइव्ह जोडली असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जीपीटी निवडून फॉरमॅट करा. ‘ड्राइव्ह दिसत नाही’च्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. स्टीममध्ये सेटिंग्ज, स्टोरेज, नवी ड्राइव्ह जोडा, गेम निवडा, मूव्ह. हार्ड डिस्कवरून १०० जीबी हलायला किमान पंधरा-वीस मिनिटं धरा, आणि यूपीएस नसेल तर पावसाळ्यात वीज ये-जा करत असताना हे काम काढू नका.

खरेदी कुठून? नौपाड्यातलं किंवा वाशी सेक्टर १७ मधलं नेहमीचं दुकान दोनशे-तीनशे रुपये जास्त घेत असेल तर द्या. बिघाड झाला तर दारात माणूस असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मॉडेलांची निवड जास्त, पण एका ड्राइव्हसाठी ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला जाणं आता परवडत नाही. भाव विचारताना १८ टक्के जीएसटी धरून आहे का ते स्पष्ट विचारा. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि तो कंपनीच्या साइटवर तिथेच तपासा. परदेशातून परस्पर आणलेल्या मालाला इथे बऱ्याचदा वॉरंटी मिळत नाही. सॅमसंगच्या नकली ड्राइव्हही बाजारात फिरतात, त्या मॅजिशियनमध्ये ओळखल्या जात नाहीत. घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्हची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. पॉवर ऑन अवर्स शून्य-एक, एकूण लिहिलेला डेटा काही जीबी, हेल्थ १०० टक्के असायला हवी. ट्रान्सफर मोडमध्ये दोन आकडे दिसतात, डावीकडे सध्या मिळणारा वेग, उजवीकडे ड्राइव्हची क्षमता. डावीकडे ३.० आणि उजवीकडे ४.० असेल तर स्लॉट बदलून बघा. दुसरा स्लॉटच नसेल तर तशीच राहू द्या, गेममध्ये कळणारही नाही.